लाकडाचा पेला आणि लाकडाचा हक्क

(एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



अर्थशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकाला व्याख्यानास बोलावले म्हणजे तो अर्थसंकल्पावर किंवा महागाईवर बोलेल, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. आज मी आपली थोडी निराशा करणार आहे. मी येताना हा लाकडी पेला बरोबर आणला आहे. तो हातोहात फिरू द्या. मात्र त्यात पाणी ओतू नका, कारण तो गळतो. तो का गळतो, हे मी ओघात सांगेनच. कारण तो माझ्याच हातचा आहे.

माझी मुलगी स्वीडनमध्ये उमेओ या गावी असते. निवृत्तीनंतर एका हिवाळ्यात मी तिच्याकडे काही महिने राहिलो. दुपारी दोन-अडीचला अंधारून येणाऱ्या त्या प्रदेशात म्हाताऱ्या माणसाने करावे तरी काय? मुलीने माझे नाव संध्याकाळच्या एका लाकूडकामाच्या वर्गात घातले. शिकवणारे गृहस्थ सामी होते, वयाने माझ्याएवढेच. त्यांना इंग्रजी जुजबी येई, मला स्वीडिश मुळीच नाही; त्यामुळे आमचा बराचसा व्यवहार हाताच्या खुणांनीच होई. अशा कामाला खुणांची भाषा पुरते, असा माझा अनुभव आहे.

सामी हे नॉर्वे, स्वीडन व फिनलंड यांच्या उत्तर भागात आणि रशियाच्या कोला द्वीपकल्पात राहणारे आदिवासी लोक. या सगळ्या मुलखाला ते साप्मी म्हणतात. बाहेरचे लोक पूर्वी त्यांना 'लॅप' म्हणत. तो शब्द त्यांना अपमानास्पद वाटतो, म्हणून आपणही टाकून द्यावा. त्यांची एकूण संख्या सुमारे ऐंशी हजार असावी असा अंदाज केला जातो. रेनडियर पाळणारे लोक म्हणून जग त्यांना ओळखते; परंतु त्यांच्यातील अनेक जण पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी, शिकार व थोडी शेती यांवर जगत आले आहेत. त्यांच्या हस्तव्यवसायाला उत्तर सामी भाषेत 'दुओजी' म्हणतात आणि या पेल्याला 'गुक्सी'. फिनिश भाषेत तो 'कुक्सा' होतो, स्वीडिशमध्ये 'कोसा'.

हा पेला होतो भूर्जाच्या लाकडाचा. आपल्या पूर्वजांनी ज्यावर पोथ्या लिहिल्या ते भूर्जपत्र हिमालयातल्या ज्या झाडाची साल, त्याचेच हे उत्तरेकडचे भाऊबंद. परंतु झाडाचे सरळ लाकूड या कामाला चालत नाही. भूर्जाच्या खोडावर कधीकधी आवाळूसारखी गाठ वाढते. तिच्यातील तंतू उभे न धावता भोवऱ्यासारखे एकमेकांत गुंतलेले असतात. सरळ तंतूंचे लाकूड सुकताना एका दिशेने अधिक व दुसऱ्या दिशेने कमी आकसते आणि म्हणून तडकते. गाठीत तंतूंना ठरावीक दिशाच नसल्यामुळे ताण विखुरला जातो. पातळ कड काढली तरी ती सहसा फुटत नाही. अशी गाठ दर झाडाला येत नाही. आली तरी पेल्याजोगी व्हायला तिला कित्येक वर्षे लागतात. थंड प्रदेशात झाड मुळातच सावकाश वाढते.

काम असे चालते. प्रथम करवतीने गाठ कापून घ्यायची. लाकूड ओले असतानाच कुऱ्हाडीने बाहेरचा ओबडधोबड आकार काढायचा आणि दांड्यापुरता भाग राखून ठेवायचा. मग गोल पटाशीने व वाकड्या पात्याच्या सुरीने आतले लाकूड थोडे थोडे खरवडून पोकळी करायची. एका बाजूला आखूड, जाडसर दांडा आणि त्याला एक किंवा दोन बोटे जातील एवढे भोक. त्यात चामड्याची वादी ओवून पेला कमरेला अडकवता येतो. काही कारागीर अर्धवट कोरलेला पेला मिठाच्या पाण्यात उकळतात, म्हणजे तो पुढे बेताबेताने सुकतो. त्यानंतर तो थंड जागी, भुशात किंवा कागदात गुंडाळून कित्येक आठवडे ठेवून द्यायचा. सुकल्यावर शेवटचा हात फिरवायचा, जवसाचे तेल किंवा मेण मुरवायचे. काहींच्या दांड्यावर रेनडियरच्या शिंगाचा तुकडा जडवून त्यावर नक्षी कोरलेली असते. पेला वापरात आला की साबणाने धुवायचा नाही; नुसते पाणी पुरे. त्यात रोज कॉफी पडते आणि तिचाच रंग लाकडाला चढतो. शून्याखाली वीस-तीस अंश थंडीत धातूचा पेला ओठाला चिकटतो. लाकडाचा चिकटत नाही. त्यात उकळती कॉफी ओतली तरी त्याच्या कडेने ओठ भाजत नाही. तेव्हा ही वस्तू शोभेची नव्हे. त्या हवेची ती गरज होती.

माझा पेला कोरून झाला, दांडाही बरा साधला. गुरुजींनी तो भुशाने भरलेल्या पिशवीत ठेवायला सांगितले आणि बोटांवर मोजून दाखवले: आठ आठवडे. माझे परतीचे विमान पाच आठवड्यांवर होते. मी चाळीस वर्षे विद्यार्थ्यांना काळाची किंमत शिकवलेला माणूस. मी पेला खोलीतल्या गरम नळ्यांच्या शेगडीशेजारी ठेवला. तिसऱ्या दिवशी पहाटे काडी मोडल्यासारखा आवाज झाला. दांड्याच्या मुळाशी, जिथे गाठ संपून साधे लाकूड सुरू होत होते, नेमकी तिथून चीर तळापर्यंत गेली होती.

गुरुजी रागावले नाहीत. त्यांनी पेल्यात पाणी भरले, खाली तळहात धरला आणि एक एक थेंब पडताना शांतपणे पाहत राहिले. मग मुलीमार्फत मला एवढेच सांगितले, की यात कोरडी वस्तू ठेवावी. हल्ली मी त्यात माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या ठेवतो.

मित्रहो, ही फजिती मी करमणुकीसाठी सांगितली नाही. त्या चिरेने मला माझ्याच विषयाकडे परत आणले.

वर्गात हस्तव्यवसायांचा ऱ्हास शिकवताना मी वर्षानुवर्षे एकच गणित मांडत आलो. हाताने एक नग करायला अमुक तास लागतात, यंत्राने काही मिनिटे. मजुरी दोघांनाही लागते. म्हणून हातकारागीर बाजारात टिकू शकत नाही. त्याला वाचवायचे तर अनुदान द्या, नाहीतर श्रीमंत गिऱ्हाइकाच्या हौसेवर सोडा. हे गणित खोटे नाही. आज पर्यटकांच्या दुकानांत यंत्रावर कातलेले, साध्या लाकडाचे पेले रांगेने मांडलेले असतात; लाकडाचा चुरा व प्लास्टिक यांच्या मिश्रणातून साच्यात ओतलेलेही मिळतात. गाठीतून हाताने कोरलेल्या पेल्याची किंमत त्यांच्या कित्येक पट असते, आणि तशी ती असणारच.

परंतु या गणितात मी दोन गोष्टी गाळत होतो. पहिली, काळ. मार्क्सने 'भांडवल' ग्रंथाच्या दुसऱ्या खंडात श्रमाचा काळ आणि उत्पादनाचा काळ यांत भेद केला आहे. द्राक्षरस आंबतो, चामडे कमावले जाते, जंगल वाढते, तेव्हा माणसाचा हात थांबलेला असतो. तरी उत्पादन चालूच असते आणि भांडवल अडकून पडलेले असते. माझ्या पेल्यावर माझे तीसएक तास खर्च झाले. सुकण्याला हवे होते आठ आठवडे. आणि त्याआधी झाडाने गाठ वाढवायला घेतली होती कैक वर्षे. मी तीस तासांचा हिशेब मोठ्या काटेकोरपणे ठेवला, आठ आठवड्यांची चोरी करायला गेलो, आणि त्या वर्षांचा तर मी विचारही केला नव्हता.

दुसरी गाळलेली गोष्ट अधिक गंभीर आहे. ती म्हणजे: ती गाठ कोणाची?

माझ्या वर्गातल्या प्रत्येकाला गुरुजींनी एकेक गाठ दिली होती. त्या कुठून मिळतात, असे मी विचारले. त्यांनी सांगितले, की एखाद्या भागात तोड ठरली की ते आधी तिथे फिरतात, गाठी असलेली झाडे हेरतात आणि तोडणाऱ्यांना ती बाजूला ठेवण्याची विनंती करतात. कधी ते ऐकतात. कधी ऐकतात पण यंत्र चालवणाऱ्यापर्यंत निरोप पोहोचत नाही, आणि गाठीसकट झाड कागदाच्या लगद्यासाठी गाडीवर चढते. हे सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. ज्यांच्या पूर्वजांनी त्या रानात वाट काढली, त्यांचा वंशज तिथे विनंती करणारा झाला आहे, एवढेच मला दिसले.

स्वीडन-फिनलंडात सर्वांना रानात फिरण्याचा परंपरागत हक्क आहे, हे आपण कौतुकाने ऐकतो. कोणाच्याही मालकीच्या रानात जावे, बोरे वेचावीत, अळंबी गोळा करावी. हा हक्क खरोखरच हेवा वाटावा असा आहे. परंतु उभ्या झाडाचे लाकूड, साल वा फांदी त्यात येत नाही; त्यासाठी जमीनमालकाची परवानगी लागते. म्हणजे पर्यटकाला बोरे मिळतात, पण कारागिराला गाठ मिळत नाही. स्वीडनच्या १९७१ च्या रेनपालन कायद्यात सामेबीच्या, म्हणजे रेनपालक सामींच्या संघटनेच्या, सदस्यांना घरगुती गरजेपुरते हस्तकामाचे लाकूड घेण्याची मुभा आहे. पण बहुसंख्य सामी अशा कोणत्याही सामेबीचे सदस्य नाहीत. आणि घरगुती गरजेपुरते म्हणजे विक्रीसाठी नव्हे. फिनलंडच्या सामी प्रदेशातील सुमारे नव्वद टक्के जमीन सरकारच्या ताब्यात आहे.

मालकाच्या दृष्टीने भूर्ज म्हणजे तरी काय होते? विसाव्या शतकाच्या मध्यास स्वीडनमधील वनशास्त्राने पाइन व स्प्रूस ही सूचिपर्णी झाडे म्हणजे पीक आणि भूर्ज म्हणजे तण, असे ठरवून टाकले. मोठमोठे पट्टे एकदम तोडायचे, सूचिपर्णी रोपे लावायची आणि मधे उगवणाऱ्या भूर्जावर विमानातून तणनाशक फवारायचे, असा कार्यक्रम चालला. सत्तरच्या दशकात लोकांनी कडाडून विरोध केला, तेव्हा त्यातील एका रसायनावर बंदी आली. पुढे लगद्यासाठी भूर्जालाही भाव आला. पण लगद्याच्या हिशेबात झाडाचे आयुष्य ठरलेले असते, आणि गाठीला हवे असते जुने, दुर्लक्षित, वाकडेतिकडे राहू दिलेले झाड. शिस्तीच्या रानात ते उरत नाही.

आता नावाचा प्रश्न घेऊ. स्वस्त नकलांवर उपाय म्हणून सामी परिषदेने १९८२ साली 'सामी दुओजी' ही खूण सुरू केली. वस्तू सामी कारागिराने केलेली आहे, याची ती ग्वाही. हे पाऊल योग्यच होते. ज्यांची भाषा शाळांतून हद्दपार केली गेली, ज्यांचे देव सैतान ठरवले गेले, त्यांच्या नावाने दुसऱ्याने पेले विकावेत यापेक्षा मोठी थट्टा कोणती? परंतु अशी खूण नावाचे रक्षण करते, रानाचे नाही. खूण आहे आणि गाठ नाही, अशी वेळ आली तर कारागीर ती खूण कशावर लावणार? आपल्याकडेही भौगोलिक निर्देशांकाचा कायदा १९९९ साली झाला आणि एकेका वस्तूला नोंदणी मिळाली की आपण पेढे वाटतो. पेढे जरूर वाटावेत. मात्र कारागिराच्या दारात कच्चा माल कोणत्या भावाने व कोणाच्या मेहेरबानीने येतो, हेही त्याच दिवशी विचारावे.

उमेओच्या बरेच उत्तरेला योक्मोक्क नावाचे गाव आहे. तिथे दर फेब्रुवारीत भरणारा बाजार १६०५ पासूनचा. दुओजीची उत्तम कामे आज तिथे पाहायला मिळतात. पण तो बाजार मुळात सामींच्या सोयीसाठी भरवलेला नव्हता. व्यापार एका जागी यावा आणि राजाला कर गोळा करता यावा, हा त्यामागचा हेतू होता. कर घेताना त्या लोकांचा त्या भूमीशी संबंध आहे, हे राज्याला चांगले ठाऊक होते. हक्क देण्याची वेळ आली तेव्हा मात्र राज्याला त्याचा विसर पडला.

हा विसर अलीकडे थोडा दूर झाला आहे. गिर्यास या सामेबीने स्वीडन सरकारविरुद्ध २००९ साली दावा लावला. त्यांच्या भागात शिकार व मासेमारीचे परवाने कोणी द्यायचे, हा वाद होता. जानेवारी २०२० मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की तो अधिकार सामेबीचाच, आणि त्याला आधार घेतला अनादिकाळापासून चालत आलेल्या वहिवाटीचा. या निकालाने लाकडाचा प्रश्न सुटलेला नाही. तो एका सामेबीपुरता व शिकार-मासेमारीपुरता आहे. परंतु वहिवाट हाही हक्काचा पाया असू शकतो, एवढे एका आधुनिक राज्याच्या न्यायालयाने मान्य केले, हे थोडे नव्हे.

मित्रहो, या साप्ताहिकाच्या वाचकांना एक जुनी गोष्ट स्मरत असेल. १८४१ साली जर्मनीच्या ऱ्हाइन प्रांताच्या विधिमंडळात लाकूडचोरीच्या कायद्यावर चर्चा झाली होती. रानात पडलेल्या वाळक्या काटक्या गरिबांनी वेचणे हीही चोरीच, असे त्या कायद्याचे म्हणणे. १८४२ साली चोवीस वर्षांच्या मार्क्सने त्यावर वृत्तपत्रात लेखमाला लिहिली. पुढे १८५९ साली त्यानेच नमूद केले, की आर्थिक प्रश्नांचा अभ्यास करण्यास आपल्याला प्रथम भाग पाडले ते त्या वादानेच, आणि त्या सुमारासच्या अशाच काही इतर वादांनी. मी ही हकीकत वर्गात अनेकदा सांगितली. परंतु ती मी इतिहासातील एक गमतीदार नोंद म्हणून सांगत असे. तिचा अर्थ मला एका सामी कारागिराच्या विनंतीमुळे कळला, हे मी आज कबूल करतो.

आणि तो अर्थ कळायला इतक्या दूर जाण्याची खरे तर गरज नव्हती. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा हे गाव आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. बांबू म्हणजे झाड, आणि झाड म्हणजे वनखात्याचे, अशा हिशेबाने तेथील माणसाला त्याच्याच रानातला बांबू परका झाला होता. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपजात घातला. २००९ साली मेंढा-लेखाला सामूहिक वनहक्क मिळाला. तरी वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती यायला २०११ उजाडावे लागले. बांबू तोच होता आणि तोडणारे हातही तेच होते. फरक पडला तो परवानगी कोण देणार याच्या उत्तरात. त्यानंतर गावाच्या पदरात पैसाही पडू लागला. कौशल्यविकासाच्या कोणत्याही शिबिराने जे साधले नसते ते एका हक्काने साधले.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो योग्य आहे. प्राध्यापकमहाशय, तुम्ही लाकडी पेल्याचे स्तोत्र गात आहात. सामी माणूस स्वतः काय वापरतो? तोही बहुधा स्टीलचा थर्मास आणि प्लास्टिकचा पेला वापरतो. रेनडियर हाकायला त्याच्याकडे बर्फावरची मोटर आहे. आमच्या गुरुजींचाही चरितार्थ केवळ पेल्यांवर चालत नव्हता. वर्ग घेऊन आणि दुसरी कामे करूनच त्यांचे भागत असे. हे सगळे खरे आहे. कोणाला प्लास्टिक सोडायला लावून भूर्जाकडे परत न्यावे, असे माझे म्हणणे नाही. माणसाने काय वापरावे हे त्याने ठरवावे. माझे म्हणणे एवढेच आहे, की एखादी कला लोकांनी सोडली आणि एखादी कला लोकांच्या हातून सुटली, यांत फरक करायला आपण शिकले पाहिजे. पहिल्या प्रकाराला परिवर्तन म्हणावे. दुसऱ्यात कोणीतरी रान बंद केलेले असते, आणि आम्ही अर्थशास्त्रज्ञ दाखल्यावर मृत्यूचे कारण 'उत्पादकता कमी' असे लिहून मोकळे होतो. मी असे दाखले पुष्कळ लिहिले आहेत.

सामी लोकांत असे सांगतात, की गुक्सी विकत घेऊ नये. ती कोणीतरी द्यावी. निघायच्या आदल्या दिवशी गुरुजींनी मला आपला एक पेला देऊ केला. मी तो घेतला नाही. भिडेपोटी नव्हे, मला हा फुटकाच घेऊन यायचा होता. तेव्हा त्यांनी आतून एक न कोरलेली गाठ आणली, माझ्या हातात ठेवली आणि पुन्हा बोटे मोजून दाखवली: आठ. ती गाठ विमानतळावर तपासणाऱ्यांनी दोनदा उलटीसुलटी करून पाहिली. आज ती माझ्या टेबलावर आहे. पटाशी मी अजून लावलेली नाही. पावसाळा संपला की लावीन म्हणतो.

पेला फिरून परत आलेला दिसतो.